ब्रेथ अ‍ॅनालायझर किती भरवशाचा हवा, हे कागदावर कसं उतरवायचं

ड्रायव्हर प्यायलाय का नाही हे सांगणाऱ्या मशीनचं ब्रोशर उघडून बघा, पहिल्याच पानावर "९९ टक्के अचूक" असं ठळक छापलेलं असतं, आणि खरेदी करणारे, टेंडर लिहिणारे, कधीकधी नियम करणारे सुद्धा तोच आकडा उचलून आपल्या स्पेसिफिकेशनमध्ये टाकतात, झालं स्टँडर्ड. आता हे ९९ टक्के कशाचे? न प्यायलेल्याला सोडण्यात ९९ की प्यायलेल्याला पकडण्यात ९९? लिमिटच्या आसपास की लिमिटच्या तिप्पट ढोसल्यावर? डब्यातून काढलेल्या नव्या मशीनवर की तीन वर्षं गाडीच्या डॅशबोर्डवर भाजून निघालेल्या मशीनवर? याची उत्तरं नसतील तर तो आकडा नुसता शोभेचा आहे. खाली जे लिहितोय ते ज्यांना खरंच असं स्टँडर्ड लिहायला बसायचंय त्यांच्यासाठी, मग ते ट्रान्सपोर्ट कंपनीचे सेफ्टीवाले असोत, लॅबवाले असोत नाहीतर मशीन बनवणारे. क्रम मुद्दाम असा ठेवलाय की आधीची पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची लिहिताच येत नाही.

पायरी १: मशीनचं काम काय ते एका वाक्यात लिहा

दारू ओळखणारी सगळी मशीनं एकाच माळेची नसतात. रस्त्यावर पोलिसांच्या हातात असतं ते स्क्रीनिंगचं, म्हणजे "याची पुढे तपासणी करायची का" एवढंच सांगणारं. दुसरं पुराव्याचं, ज्याचं रीडिंग कोर्टात जातं. तिसरं इंटरलॉक, गाडीच्या इग्निशनला जोडलेलं, फुंक पास झाली तरच गाडी स्टार्ट होते. आणि चौथं अजून घडतंय, ते म्हणजे गाडीतच बसवलेलं, ड्रायव्हरला फुंकायलाही न लावता केबिनमधल्या हवेवरून किंवा स्टार्टच्या बटणावर ठेवलेल्या बोटातून इन्फ्रारेड प्रकाश सोडून अल्कोहोल मोजणारं. अमेरिकेत २००८ पासून डॅड्स नावाचा प्रोजेक्ट याच्यावर चालू आहे.

चौघांच्या चुकीची किंमत वेगळी. स्क्रीनिंगवाल्याने एखाद्या न प्यायलेल्याला चुकून पकडलं तर त्याची दहा मिनिटं जातात आणि पुढच्या टेस्टमध्ये तो सुटतो. पुराव्याच्या मशीनने तेच केलं तर माणसाचं लायसन्स जातं. इंटरलॉकने केलं तर माणूस रात्री आडरस्त्यावर बंद गाडीत अडकतो. म्हणून एकच स्टँडर्ड चौघांना लावायचा हट्ट सोडा. "हे स्टँडर्ड अमुक कामाच्या मशीनला लागू, तमुक कामासाठी वापरू नये" हे पहिल्या पानावर लिहून टाका, कारण स्वस्तातलं स्क्रीनिंगचं मशीन आणून त्याच्या रीडिंगवर माणसाला घरी बसवणं हा प्रकार कंपन्यांमध्ये सर्रास चालतो.

पायरी २: युनिट आणि लिमिट श्वासात लिहा, रक्तात नको

इथे बरेच जण घसरतात. कायद्यात लिमिट बहुतेक वेळा रक्तातली असते, १०० मिलिलिटर रक्तात इतके मिलिग्रॅम, पण मशीन तर श्वास मोजतं. मधे एक गुणाकार असतो, श्वासातल्या अल्कोहोलला ठराविक आकड्याने गुणून रक्तातलं काढायचं. अमेरिकेत हा आकडा २१०० धरतात, ब्रिटनमध्ये २३००, युरोपात कितीतरी ठिकाणी २०००. खऱ्या माणसांमध्ये तो माणसागणिक बदलतो, एकाच माणसात वेळेगणिक सुद्धा बदलतो.

करून बघा. श्वासात लिटरमागे ०.३८ मिलिग्रॅम आलं. २००० ने गुणलं तर रक्तात १०० मिलिलिटरला ७६ मिलिग्रॅम, २१०० ने जवळजवळ ८०, २३०० ने ८७. लिमिट ८० असेल तर एकच फुंक, एकच सेन्सर, आणि नुसत्या सेटिंगवरून एक जण निर्दोष आणि दुसरा आत. ही मशीनची चूक नाहीच, पण आपण रक्ताच्या युनिटमध्ये अचूकता मागितली की ती मशीनच्या खात्यावर पडते आणि मग लॅब आणि कंपनी वर्षभर भांडत बसतात. त्यामुळे मशीनच्या सगळ्या अटी श्वासाच्या युनिटमध्ये, म्हणजे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये लिहायच्या. रक्तात बदलायचंच असेल तर कुठल्या आकड्याने गुणायचं ते एकदाच, एकाच जागी लिहायचं आणि मशीनमध्ये तो कोणालाही बदलता येऊ नये अशी अट घालायची.

पायरी ३: चुका वेगळ्या करा, आणि मधला करडा पट्टा मान्य करा

मशीन दोन तऱ्हेने चुकतं. एक म्हणजे सतत एकाच बाजूला झुकलेलं असतं, दुसरं म्हणजे रीडिंग विखुरलेली येतात. घड्याळ रोज पाच मिनिटं पुढे असेल तर माणूस सवयीने सांभाळून घेतो, पण कधी पाच पुढे कधी सात मागे असेल तर ते भिंतीवरून काढलेलं बरं. स्टँडर्डमध्ये झुकाव आणि विखुरणं दोन्हीच्या वेगळ्या मर्यादा हव्यात. नुसती सरासरी मागितली तर वाटेल तशी उड्या मारणारं मशीन सुद्धा पास होतं, कारण वरच्या खालच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात.

आता करड्या पट्ट्याचं बोलू, कारण माझ्या मते अख्ख्या स्टँडर्डचा जीव इथे आहे. समजा लिमिट ०.२५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि मशीन चांगलं आहे, झुकाव शून्य, विखुरण्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन (रीडिंग सरासरीपासून साधारण किती लांब पडतात तो आकडा) ०.०१. बरोब्बर ०.२५ वाला माणूस शंभर वेळा फुंकला तर साधारण पन्नास वेळा वर दाखवणार, पन्नास वेळा खाली. याला जगातलं कुठलंही मशीन अपवाद नाही, कितीही महाग घ्या. ०.२३ वाला शंभरात दोनेक वेळा चुकून पकडला जाईल. ०.२२ वाला साधारण साडेसातशे वेळात एकदा. म्हणजे "मशीन ९९.९ टक्के वेळा बरोबर निर्णय देईल" हे वाक्य लिमिटपाशी खोटंच पडणार, आणि लिमिटपासून लांब गेलं की इतकं सोपं होतं की त्याला काही अर्थ राहत नाही.

मग लिहायचं काय? दोन टोकं लिहायची. "०.२२ किंवा त्याच्या खाली असेल तर हजारात दोनापेक्षा जास्त वेळा फेल दाखवता कामा नये, ०.२८ किंवा वर असेल तर हजारात दोनापेक्षा जास्त वेळा पास दाखवता कामा नये, मधल्या पट्ट्यात काहीही दाखवलं तरी मशीन नापास नाही." हा मधला पट्टा जितका अरुंद मागाल तितकं मशीन महाग आणि नाजूक होत जातं. पट्टा किती हा निर्णय इंजिनिअरने एकट्याने घेऊ नये, कारण त्यात कोणाला संशयाचा फायदा द्यायचा हे ठरतं, आणि ते धोरण ठरवणाऱ्यांचं काम. काही ठिकाणी मोजलेल्या रीडिंगमधून ठराविक आकडा वजा करूनच पुढची कारवाई होते, तो त्याच विचाराचा भाग.

पायरी ४: चुकीची मर्यादा नव्या मशीनला वेगळी, वापरातल्याला वेगळी

शून्यातून आकडे काढत बसू नका. कायदेशीर मोजमापाची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, ओआयएमएल, तिची पुराव्याच्या ब्रेथ अ‍ॅनालायझरसाठी आर १२६ नावाची शिफारस आहे. २०१२ च्या आवृत्तीत मान्यतेच्या आणि पहिल्या तपासणीच्या वेळी ०.०२० मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा खऱ्या आकड्याच्या ५ टक्के, यातलं जे जास्त ते चालतं, आणि वापरात आल्यावर ०.०३० किंवा ७.५ टक्के. दोन्हीत तोल ०.४० ला पलटतो, त्याच्या खाली ठोक आकडा लागतो आणि वर टक्केवारी. नुसती टक्केवारी ठेवली असती तर ०.०५ च्या आसपास मशीनला जवळजवळ परफेक्ट असावं लागलं असतं, जे होत नाही.

इंटरलॉकसाठी युरोपात ईएन ५०४३६ ही मालिका आहे आणि अमेरिकेत एनएचटीएसए या संस्थेची मॉडेल स्पेसिफिकेशन्स, पहिली १९९२ ची, सुधारलेली २०१३ ची. आधी ही वाचा, मग आपल्याला कुठे वेगळं हवंय तेवढंच बदला, आणि का बदललं ते शेजारी लिहून ठेवा. पाच वर्षांनी कोणीतरी विचारतंच.

पायरी ५: किती वेळा टेस्ट केली म्हणजे पुरे

ही पायरी सगळ्यात जास्त दुर्लक्षित आणि सगळ्यात जास्त पैशाची. वीस वेळा फुंकलं, वीस वेळा बरोबर आलं, लोक खूश. पण वीसपैकी वीस बरोबर येऊनही चुकीचं खरं प्रमाण १४ टक्क्यांपर्यंत असू शकतं, ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं. हिशोब सोपा आहे, एकही चूक न होता जितक्या टेस्ट झाल्या त्या आकड्याने ३ ला भागा, साधारण तेवढी वरची मर्यादा (कमी टेस्टला हा हिशोब जरासा जास्त दाखवतो, पण कागदावर लगेच करता येतो). ६० टेस्ट म्हणजे ५ टक्के, ३०० म्हणजे १ टक्का, ३००० म्हणजे हजारात एक. वर मी हजारात दोन लिहिलंय ना, ते नुसत्या पास-नापासने सिद्ध करायचं तर एका टोकाला १५०० फुंका लागतील आणि त्यातली एकही चुकायला नको.

गाडीतल्या कायमच्या सेन्सरसाठी तर लोक सिक्स सिग्माची भाषा करतात, म्हणजे दहा लाखात ३.४ चुका. ते पास-नापासने दाखवायला जवळजवळ नऊ लाख टेस्ट पाहिजेत, एकही चूक न होता. कोण करणार? त्यामुळे तिथे रस्ता बदलावा लागतो, पास का नापास एवढंच न लिहिता प्रत्येक रीडिंगचा पूर्ण आकडा नोंदवायचा, विखुरणं मोजायचं आणि त्यावरून टोकाच्या चुकीचा अंदाज बांधायचा. हे चालतं, पण त्यात एक गृहीत लपलेलं असतं की रीडिंग शेवटच्या टोकापर्यंत घंटेच्या आकारातच, म्हणजे मधे गर्दी आणि कडेला विरळ, पसरतात. प्रत्यक्षात टोकाला भलतंच काहीतरी असतं, थुंकीचा थेंब सेन्सरवर गेला, शेजारच्याने सॅनिटायझर चोळलं, वगैरे. म्हणून गणिताने काढलेल्या आकड्याच्या जोडीला रस्त्यावरच्या गाड्यांमधला डेटा मागायचाच.

अजून एक गंमत कंपन्या करतात ती लक्षात ठेवा. एकच मशीन, तेही हाताने निवडलेलं, त्यावर ३०० फुंका. याला ३०० धरू नका. ते एकाच मशीनबद्दल सांगतं, लॉटबद्दल, म्हणजे एका खेपेत बनलेल्या सगळ्या मशीनांबद्दल, काही नाही. निदान तीन वेगळ्या लॉटमधली मशीनं, आणि ती निवडायची लॅबने, कंपनीच्या गोडाऊनमधून, कंपनीने पाठवलेली नाही.

एवढं झाल्यावर एक अट कशी दिसते बघा. "तीन लॉटमधून लॅबने निवडलेली १० मशीनं. प्रत्येकावर ०.२८ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या ३० फुंका, त्यातल्या १० उणे २० अंशाला, १० साध्या तापमानाला, १० अधिक ५० ला. ३०० पैकी एक जरी पास आली तर डिझाइन नापास, कारण सापडेपर्यंत पुन्हा टेस्ट नाही." ९९ टक्केचा दावा असा लिहायचा असतो. शेवटचं वाक्य गाळू नका, नाहीतर पास होईपर्यंत टेस्ट परत परत मारत बसतात.

पायरी ६: गाडी जितकी जास्त लोकांच्या हातात, तितकी खोट्या अलार्मची मर्यादा कडक

समजा एक लाख गाड्यांत सेन्सर बसवला आणि प्रत्येक गाडी दिवसात चार वेळा स्टार्ट होते. चार लाख स्टार्ट. खोटा अलार्म हजारात एक, ऐकायला किती छान, पण रोज ४०० माणसं काही न पिता अडकणार. त्यात कोणी हॉस्पिटलला निघालेलं असणार. आणि उलट बाजूने, हजार स्टार्टमध्ये खरे प्यायलेले दोनच असतील आणि मशीन दोन्हीकडे ९९ टक्के असेल, तर दोघे पकडले जातील आणि त्यांच्याबरोबर दहा निर्दोष, म्हणजे गाडी अडली की बहुतेक वेळा मशीनचीच चूक. लोक दुसऱ्याच आठवड्यात सेन्सरवर चिकटपट्टी लावतील.

हेच मशीन दारू पिऊन पकडल्या गेलेल्यांच्या गाडीत बसवलं तर गणित बदलतं, कारण तिथे पिणारे जास्त. म्हणून स्टँडर्डमध्ये "कोणासाठी" हे आलंच पाहिजे. अमेरिकेच्या २०२१ च्या पायाभूत सुविधांच्या कायद्यात नव्या गाड्यांमध्ये असं तंत्रज्ञान आणायला सांगितलंय, पण त्याच्या नियमांवर जी चर्चा चालू आहे त्यात हा खोट्या अलार्मचा प्रश्नच सगळ्यात अवघड ठरतोय. युरोपने सध्या मवाळ वाट धरली, २०२२ पासून नव्या मॉडेलमध्ये आणि जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांमध्ये इंटरलॉक बसवता येईल अशी सोय असायला हवी, इंटरलॉक स्वतः असायला हवा असं नाही.

पायरी ७: ज्या गॅसने मोजता तो गॅस कोणी मोजलाय

मशीन तपासायचं म्हणजे ज्यातलं अल्कोहोल पक्कं माहीत आहे अशी हवा त्यात सोडायची. दोन पद्धती आहेत. ओला सिम्युलेटर, म्हणजे पाणी आणि इथेनॉलचं द्रावण ३४ अंशाला गरम ठेवून त्यातून हवा सोडायची. लिटरमध्ये १.२१ ग्रॅम इथेनॉल टाकलं तर ३४ अंशाला निघणाऱ्या हवेत लिटरमागे साधारण ०.४७६ मिलिग्रॅम येतं. श्वासासारखी ओली, गरम हवा मिळते, हा फायदा. तोटा असा की सगळा खेळ तापमानावर. एक अंश चुकलं की अल्कोहोल साधारण साडेसहा टक्क्यांनी हलतं, म्हणजे थर्मामीटर अर्ध्या अंशाने खोटं बोलत असेल तर तीन टक्क्यांहून जास्त चूक आपण मशीन हातात घ्यायच्या आधीच करून बसलो, आणि एकूण परवानगी पाच टक्क्यांची. शिवाय प्रत्येक फुंकेबरोबर द्रावणातलं थोडं अल्कोहोल उडून जातं, त्यामुळे एका बाटलीतून किती टेस्ट काढायच्या ते लिहा.

दुसरी पद्धत सिलिंडरमधला कोरडा गॅस. वापरायला सोपा, पण हवेच्या दाबावर अवलंबून. समुद्रसपाटीला जो गॅस ०.२५ दाखवतो तोच दीड हजार मीटर उंचीवर साधारण ०.२१ दाखवतो, कारण हवेचा दाब सोळा-सतरा टक्क्यांनी कमी झालेला असतो. दाबाची दुरुस्ती न करता तिथे मशीन "अ‍ॅडजस्ट" केलं की मग प्रत्येक माणसाचं रीडिंग फुगतं. हे होतं, आणि वाईट म्हणजे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण त्याच गॅसवर परत तपासलं तर मशीन बरोबरच दिसतं.

न्यू जर्सीचं प्रकरण या पायरीसाठी वाचून ठेवा. मशीनं कॅलिब्रेट करताना, म्हणजे माहीत असलेल्या अल्कोहोलशी त्यांचं रीडिंग जुळवताना, सिम्युलेटरचं तापमान राष्ट्रीय मानकाशी जोडलेल्या थर्मामीटरने ताडून बघायची पायरी वगळली गेली होती. २०१८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्या मशीनांचे निकाल भरवशाचे नाहीत म्हटलं आणि वीस हजारांहून जास्त टेस्ट वादात पडल्या. सेन्सर खराब होता असं कोणी सिद्ध केलं नव्हतं, त्याची गरजच पडली नाही. म्हणून अट अशी, संदर्भ गॅसची स्वतःची अनिश्चितता मशीनच्या परवानगीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, आणि थर्मामीटरपासून राष्ट्रीय मानकापर्यंतची साखळी दर वेळी कागदावर दिसली पाहिजे, "मागच्या वर्षी बघितलं होतं" चालणार नाही.

पायरी ८: माणूस म्हणजे सिलिंडर नव्हे

सेन्सर तीन जातीचे. सेमीकंडक्टरवाले स्वस्त, पण दमट हवा, अ‍ॅसिटोन, सिगारेटचा धूर सगळ्याला प्रतिसाद देतात आणि लवकर भरकटतात, माझं मत विचाराल तर कोणाच्या नोकरीचा प्रश्न असेल तिथे हे नकोतच. फ्युएल सेलवाले इथेनॉलचं ऑक्सिडेशन करून त्यातून निघणारा करंट मोजतात, अ‍ॅसिटोनला जवळपास दाद देत नाहीत, पण मिथेनॉल आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलला देतात. इन्फ्रारेडवाले प्रकाश किती शोषला गेला ते बघतात, ३.४ मायक्रॉनच्या आसपास मोजलं तर अ‍ॅसिटोन पण मधे येतो, ९.५ जवळ तो त्रास खूप कमी.

यावरून टेस्टची यादी निघते. अ‍ॅसिटोन, कारण डायबेटिसवाल्यांच्या आणि कडक उपास करणाऱ्यांच्या श्वासात तो असतो. आयसोप्रोपिल, मिथेनॉल आणि साधं इथेनॉल, कारण सॅनिटायझर आणि काच धुवायचं लिक्विड यातूनच बनतं आणि ते गाडीतच असतं. कार्बन मोनॉक्साइड, सिगारेटवाल्यांसाठी. प्रत्येकासाठी किती मात्रेला रीडिंग किती हललेलं चालेल ते लिहायचं, "परिणाम होऊ नये" असं लिहू नका, ते तपासता येत नाही.

तोंडातली दारू हा वेगळा त्रास. माउथवॉशची चूळ भरली, काही इन्हेलर मारले, ढेकर आली, की रीडिंग आभाळाला. पंधराएक मिनिटांत ते ओसरतं. म्हणून पुराव्याच्या टेस्टला १५ मिनिटं थांबणं आणि दोन वेगळ्या फुंका जुळणं ही अट असतेच. पण गाडीतल्या सेन्सरला कोण १५ मिनिटं थांबणार? तिथे लिहायचं की फेल आल्यावर ठराविक वेळाने पुन्हा संधी मिळाली पाहिजे आणि पहिली फेल एकटी धरून कुठे रिपोर्ट जाता कामा नये.

आणि फुंकेचा जोर. फुफ्फुसाच्या तळातली हवा यायला हवी म्हणून मशीन कमीतकमी आकारमान मागतं, साधारण १.२ लिटर. धडधाकट माणसाला हे काहीच नाही, पण दम्याचा पेशंट, ठेंगणी वयस्कर बाई, यांना खरंच जमत नाही आणि मशीन दाखवतं "अपुरं सॅम्पल", समोरचा समजतो टाळाटाळ करतेय. त्यामुळे ह्यूमन ट्रायलमध्ये फक्त कॉलेजची पोरं घेऊन चालणार नाही, वय, लिंग, उंची, फुफ्फुसाचा आजार असे गट हवेत आणि प्रत्येक गटात "सॅम्पल झालंच नाही" याचं प्रमाण वेगळं द्यावं लागेल. ट्रायलमध्ये दारू पाजून रक्ताशी तुलना करणार असाल तर एथिक्स कमिटी लागणारच, आणि प्यायल्यापासून किती वेळ झाला तो लिहा, कारण दारू चढत असताना शिरेतल्या रक्तापेक्षा श्वास पुढे धावतो, त्या अर्ध्या-पाऊण तासातला फरक मशीनच्या माथी मारू नका.

फुंक न घेणाऱ्या सेन्सरमध्ये अजून एक पेच. ड्रायव्हरचा श्वास केबिनच्या हवेत मिसळून पातळ होतो, तो किती पातळ झाला हे कार्बन डायऑक्साइडवरून काढतात. श्वासात तो ४ टक्के आणि सेन्सरपाशी ०.४ आला तर दहापट पातळ, मग अल्कोहोलला दहाने गुणा. पण अल्कोहोलबरोबर सेन्सरची चूकही दहाने गुणली जाते! म्हणून किती पातळ झाल्यावर मशीनने "सांगता येत नाही" म्हणायचं ती हद्द लिहा. आणि मागच्या सीटवर चार प्यायलेले मित्र आणि ड्रायव्हर कोरडा, ही टेस्ट प्रत्यक्ष माणसं बसवूनच करा.

पायरी ९: थंडी, उन्हाळा, धक्के

यात नवं काही नाही, गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या नेहमीच्या टेस्ट लावा, तापमान, दमटपणा, कंपन, धूळ, रेडिओ लहरी. फक्त दोन गोष्टी विसरल्या जातात. कडाक्याच्या थंडीत स्टार्टर फिरताना बॅटरीचा व्होल्टेज धाडकन खाली येतो, मशीन त्या क्षणी रिसेट होऊन फुंक पुन्हा मागतं का बघा. आणि थंडीत सेन्सर तापायला किती वेळ लागतो, त्याची वरची मर्यादा ठरवा, कारण तीन मिनिटं वाट बघावी लागली की माणसं शॉर्टकट शोधतात.

पायरी १०: फसवणारे गृहीत धरा

फुग्यात भरून ठेवलेली हवा, कोळशाच्या फिल्टरमधून मारलेली फुंक, शेजारच्याला फुंकायला लावणं, वायर काढून गाडी ढकलून चालू करणं, हे सगळं लोकांनी करून झालंय. इंटरलॉकच्या स्टँडर्डमध्ये यातल्या प्रत्येकाची टेस्ट असावी, आणि टेस्ट करणाऱ्याला मशीनची पूर्ण माहिती आणि पुरेसा वेळ द्यावा, कारण ज्याची गाडी अडलीय त्याच्याकडे भरपूर वेळ असतो.

पायरी ११: मशीन बिघडलं तर काय करायचं

मशीन नुसतं चुकत नाही, मरतंही. सेन्सर मेला, तर गाडी चालू व्हावी की नाही? शिक्षा म्हणून लावलेल्या इंटरलॉकला "चालू होऊ नये, पण ठराविक वेळात मेकॅनिकपर्यंत नेण्यापुरती सूट" हे बरोबर. सगळ्यांच्या गाडीतल्या सेन्सरला उलट, बिघाड झाला तर गाडी चालू व्हावी आणि दिवा लागावा. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी, चालत्या गाडीचं इंजिन कधीही, कुठल्याही कारणाने बंद करायचं नाही. मधेच घेतलेली फुंक फेल गेली तर हॉर्न वाजवा, दिवे लावा, नोंद करा, पण इंजिन नाही. हे कलम मी सगळ्यात मोठ्या अक्षरात छापेन.

पायरी १२: म्हातारपण आणि कॅलिब्रेशन

फ्युएल सेल जुना होतो तसा बहुधा मंदावतो, कमी दाखवायला लागतो. म्हणजे जुनं मशीन प्यायलेल्याला सोडतं, आणि सोडलेला माणूस काही तक्रार करायला येत नाही. तक्रारी नाहीत म्हणजे मशीन ठीक आहे असं धरू नका, इथे तक्रारींचा वारा एकाच दिशेने वाहतो.

कॅलिब्रेशनची मुदत "दर सहा महिन्यांनी" अशी सवयीने टाकू नका, डेटावरून काढा. समजा महिन्याला रीडिंग ०.००३ ने सरकतंय आणि सरकण्यासाठी तुम्ही ०.०१२ एवढी जागा ठेवलीय, तर हिशोबाने चार महिने, पण सगळ्यात खराब मशीन सरासरीपेक्षा वेगाने सरकणार म्हणून मुदत दोन महिनेच द्या. कॅलिब्रेशनला मशीन आलं की आधी आहे तसं तपासा, आकडा लिहा, मग अ‍ॅडजस्ट करा. बरेच जण थेट अ‍ॅडजस्ट करून मोकळे होतात आणि मशीन किती चुकत होतं याचा पुरावाच पुसला जातो.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात, ज्या व्हर्जनची टेस्ट झाली तेच व्हर्जन रस्त्यावर हवं, मशीनने प्रत्येक निकालाबरोबर ते छापावं, आणि मोजणीच्या भागात एक ओळ जरी बदलली तरी पायरी ५ मधल्या टेस्ट पुन्हा.

पायरी १३: मशीन मर्यादेबाहेर सापडलं तर मागे किती जायचं

तपासणीत मशीन मर्यादेबाहेर निघालं की ते बाजूला काढणं सगळेच करतात. पण ते कधीपासून चुकत होतं? माहीत नसतं, म्हणून शेवटच्या चांगल्या तपासणीपासून आजपर्यंतचा प्रत्येक निकाल संशयित धरायचा. त्यासाठी प्रत्येक निकालाबरोबर मशीनचा नंबर, वेळ, तापमान, सॉफ्टवेअरचं व्हर्जन, आणि शेवटच्या तपासणीत वापरलेल्या सिलिंडरचा लॉट नंबर एकत्र साठवलेला पाहिजे, कारण कधीकधी मशीन चांगलं असतं आणि सिलिंडरच चुकलेला असतो, मग त्या सिलिंडरने तपासलेली सगळीच मशीनं यादीत येतात. मशीन वरच्या बाजूला चुकत असेल तर त्या काळात पकडलेल्या प्रत्येकाला लेखी कळवायचं, किती दिवसांत आणि कोणी ते स्टँडर्डमध्येच लिहायचं. खालच्या बाजूला चुकत असेल तर कळवायला कोणी नसतं, तिथे त्या मॉडेलच्या बाकीच्या मशीनांची कॅलिब्रेशनची मुदत लगेच अर्धी करायची आणि पुढच्या दोन फेऱ्यांत सरकण्याचा वेग परत मोजायचा.